क्रमयादी नसलेली उतरंड

रसिका आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आली तेव्हा तिने चपला बाहेर काढल्या नाहीत. हे माझ्या अजून लक्षात आहे, कारण त्या दिवशी तिला नावं ठेवायला मला दुसरं काही सापडलं नव्हतं.

वाचनालय म्हणजे पहाडगंजातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली पिशव्यांचं घाऊक दुकान, वर आमची सहा हजार मराठी पुस्तकं. वाचनालय चालवणाऱ्या मराठी मंडळाचे सभासद आता गुडगाव-नोएडाला पांगले आहेत, तरी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वीस-पंचवीस जण येतात. पुस्तकांची सूची कॉम्प्युटरवर आहे आणि ती चालवणारा प्रोग्राम अकरा वर्षं मी एकटीने सांभाळला. एकटीने म्हणजे, श्यामकांत होते. पण त्यांना मी माझ्यातच धरत आले.

श्यामकांत राजाध्यक्ष आणि मी एकोणीसशे शहात्तर साली दिल्लीतल्या एकाच सरकारी कचेरीत लागलो. तेव्हा प्रोग्राम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून लिहायचे. एका कार्डावर एक ओळ. चारशे ओळी म्हणजे चारशे कार्डांचा गठ्ठा, तो ट्रेमध्ये घालून खालच्या मजल्यावर मशीनच्या खोलीत न्यायचा. एकदा जिन्यात माझा पाय साडीत अडकला आणि चारशेच्या चारशे कार्डं पायऱ्यांवर पसरली. हसणारे हसून निघून गेले. श्यामकांतांनी बाह्या वर केल्या, माझ्याबरोबर दोन तास जिन्यात बसून कार्डं लावली, आणि मग गठ्ठा बांधून त्याच्या वरच्या कडेवर लाल पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढली. "आता सांडली तर रेघ जुळवत बसायचं, सबनीसबाई. डोकं लावायचं नाही." त्यानंतर माझ्या प्रत्येक गठ्ठ्यावर ते रेघ ओढत. दुसऱ्या कोणाच्या गठ्ठ्यावर त्यांनी ओढलेली मी पाहिली नाही. पाहत असे, हे खरं. पुढे त्यांचं लग्न झालं, माझं झालं. माझा नवरा अशोक फार चांगला माणूस होता. श्यामकांतांशी माझं दुसरं तिसरं काही नव्हतं. पण ती रेघ माझी होती.

निवृत्तीनंतर वाचनालयाची सूची करायला आम्ही दोघेच पुढे झालो. प्रोग्राम परदेशातल्या लोकांनी केलेला, फुकट, कोणीही उघडून बदलावा असा. त्याला मराठी येत नव्हती. ळ कुठेही टाकायचा, 'ज्ञ' ला 'ज' च्या मागे लपवायचा, 'दर्या' आणि 'दऱ्या' एकच समजायचा. मी त्याला ठिगळं लावली. ठिगळ म्हणजे एक लहानशी फाइल असते: अमुक ठिकाणच्या या ओळी काढा आणि तिथे या घाला. वर्षातून दोनदा मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती येई, की माझी आठ ठिगळं तिच्यावर पुन्हा चढवायची. तीही ठरल्या क्रमानेच. दुसरं पहिल्यावर बसलेलं असतं, तिसरं दुसऱ्यावर. मधलंच आधी चढवायला गेलं तर मशीन नाकारतं.

म्हणून मी त्या फोल्डरला नाव दिलं उतरंड. आमच्या कऱ्हाडच्या घरी माजघरात होती तशी, खाली मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. ठिगळांची नावंही तीच: रांजण, डेरा, माठ, घागर, मडकं, गाडगं, बोळकं आणि वर झाकणी. नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली होती, मशीनला ती बरी पडतात. शेजारी आठ ओळींची एक क्रमयादी होती, कोणतं आधी, कोणतं नंतर. मशीन ती यादी वाचून एकेक ठिगळ चढवत जातं.

चुका शोधायचं काम श्यामकांतांचं. दर मंगळवारी सकाळी दहाला मुनिरक्याहून त्यांचा फोन यायचा. "बाई, तुमचे ज्ञानेश्वर आज जेजुरीच्या मागे उभे आहेत." मी दिवसभर बसून ज्ञानेश्वरांना जागेवर नेत असे. माझा आठवडा मंगळवारी सुरू होई.

जानेवारीत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नवी आवृत्ती आली होती, मला पडद्याकडे पाहवत नव्हतं. तेव्हा श्यामकांत म्हणाले, "हे सगळं एकट्या तुमच्या कॉम्प्युटरवर किती दिवस ठेवायचं? उद्या तुम्ही..."

"मेले तर?"

"मी डोळा म्हणत होतो."

आणि रसिका आली. सरोजिनी नगरातल्या आमच्या टिपणीसांची मुलगी, दिल्लीतच वाढलेली, पस्तिशीची, गुडगावच्या कंपनीत हेच काम करणारी. ती म्हणाली की ठिगळांचं फोल्डर तसंच्या तसं गिटमध्ये ठेवू. गिट म्हणजे सामायिक वहीसारखी व्यवस्था. कोणी, केव्हा, काय बदललं याची प्रत्येक नोंद तिच्यात राहते, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर सगळ्या नोंदींसकट पूर्ण प्रत असते. "म्हणजे काकू, ठिगळ बदललं तर ठिगळाची पण हिस्ट्री राहील. बिल्कुल सेफ." तिचं म्हणणं बरोबर होतं. मीच हे पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं, आणि तेही मला टोचलं.

मला अकरा वर्षं 'माझ्याच्यानं नाही होत ते' असं सांगणारे श्यामकांत पंधरा दिवसांत तिच्याकडून गिट शिकले. त्यांच्या मशीनवरही प्रत राहणार होती. पुढच्या मंगळवारी फोन दहाऐवजी पावणेअकराला आला.

"आज उशीर?"

"अहो, आमच्या रसिकाशी बोलत होतो. ती ऑफिसला जाताना गाडीत मोकळी असते."

आमच्या रसिकाशी. अठ्ठेचाळीस वर्षांत ते मला एकदाही 'आमच्या सबनीसबाई' म्हणाले नाहीत. मी फोन ठेवला, कॉम्प्युटर उघडला आणि ठिगळं सामायिक जागेवर पाठवली. आठही पाठवली. क्रमयादी पाठवली नाही.

विसरले नाही. बोट त्या फाइलवर होतं, ती बाजूला ठेवली. मनाशी म्हटलं, नावांतच क्रम आहे. मराठी घरातली आहे, रांजणावर डेरा आणि डेऱ्यावर माठ एवढं कळू नये? नाही कळलं तर फोन करेल. 'काकू, क्रम काय?' असं विचारेल. मी जरा थांबून, आठवल्यासारखं करून सांगेन. मला तिच्याकडून तेवढा एक फोन हवा होता.

फोन आला नाही. आठवडा गेला, दोन गेले. मी रोज नोंदी उघडून पाहत होते. रसिका काहीतरी करत होती, पण माझ्या ठिगळांना हात लावत नव्हती. वेगळ्याच नावांच्या फाइली येत होत्या, sort-fix, search-fix. नोंदींत वेळही दिसते. मंगळवारी साडेदहाला तिची दुरुस्ती पडलेली असे, आणि अकराला श्यामकांत मला फोन करून आधीच दुरुस्त झालेली चूक सांगत. माझा डोळा बरा झाला होता. नोंदी वाचण्याइतका तर नक्कीच.

सव्विसाव्या दिवशी महिन्याचा दुसरा रविवार आला. रसिका नवी सूची दाखवणार होती. मंडळाचे कार्यवाह राजाभाऊंनी समोसे मागवले होते. पडद्यावर सूची झरझर उघडली. शोधायला माझ्या वेळी चार सेकंद लागत, इथे बोट उचलायच्या आत यादी हजर. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हातात समोसा होता म्हणून जरा हळू.

मग श्यामकांत पुढे झाले. "आता माझी परीक्षा," म्हणाले, आणि त्यांनी 'दऱ्या' असं टाइप केलं. सह्याद्रीच्या दऱ्यांवरचं पुस्तक यायला हवं होतं. आली दर्यावर्दी, गलबतं आणि कोळ्यांची सात पुस्तकं.

मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते, पण झाला.

"हे बाईंच्या जुन्यात चालत होतं," श्यामकांत म्हणाले. "त्यांचं ठिगळ होतं ना यावर?"

रसिकाने माझ्याकडे पाहिलं. "काकूंनी जे टाकलं होतं ते मी यूज नाही केलं. ते उतरन होतं ना?"

"काय होतं?"

"फोल्डरचं नावच तसं होतं. utrand. उतरन, म्हणजे वापरून टाकलेले कपडे असतात ना, ते. पुढे डी आहे, ते मला वाटलं डिस्कार्डचं असेल. मी ट्राय पण केलं, एक सोडून काहीच लागेना. म्हटलं काकूंचं असली काम जुन्या मशीनवर राहिलं असेल. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कशाला त्रास द्या. म्हणून सगळं नवीन लिहिलं."

मग श्यामकांत असे हसले की त्यांना टेबल धरावं लागलं.

"अगं, उतरन नाही गं बाई! उतरंड! मडक्यांची उतरंड!"

"ते काय असतं?"

"आणि मग रांजण वगैरे काय वाटलं तुला?"

"रंजन? मला वाटलं कोणी रंजन म्हणून काका होते, त्यांनी लिहिलंय. dera ला वाटलं डेरा टाकतात तो. math मॅथ्सचं. घागर मी घागरा वाचलं." आता ती स्वतःच हसत होती. "मी विचारणार पण होते, रंजनकाका आता कुठे असतात."

सगळी खोली हसत होती. राजाभाऊ डोळे पुसत होते. अकरा वर्षं मी ज्याला उतरंड म्हटलं ते उतरन ठरलं होतं, अंगावरून उतरवलेलं जुनेर. आणि श्यामकांत तिच्याकडे पाहत होते, नातवंडाने बोबडं बोलावं तसं कौतुकाने.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पण काकू, ऑर्डर कुठे होती? कोणतं आधी लावायचं, त्याची फाइल?"

"होती की," मी म्हणाले. "तू नीट पाहिलं नसशील."

"अच्छा?" तिचा चेहरा उतरला. "सॉरी काकू. मग माझंच चुकलं. सॉरी सगळ्यांना, उगाच एवढे दिवस गेले."

"पाहत जा गं नीट," राजाभाऊ म्हणाले. "बाईंनी किती मेहनतीने केलंय." आणि मी समोशाचा उरलेला तुकडा खाल्ला.

सोमवारी दुपारी तिचा मेसेज आला. 'काकू, मी पहिल्या एन्ट्रीपासून आजपर्यंत सगळं चेक केलं. ऑर्डरची फाइल कधीच नव्हती. मी काही चुकीचं बघतेय का? तुम्ही एकदा पाहाल?'

किती सभ्यपणे लिहिलं होतं! श्यामकांतांचा उल्लेख नाही, राजाभाऊंचा नाही. मी मेसेज चार वेळा वाचला आणि कामाला लागले. पण ज्या कामाला लागले ते सांगते. गिटमधला इतिहास बदलता येतो. पहिली नोंद उचलायची, तिच्यात यादी घालायची, तारीख जुनीच ठेवायची. पाऊण तासात माझ्या मशीनवर असा इतिहास तयार झाला की ज्यात कुमुदिनी सबनीस हिने पहिल्याच दिवशी सगळं नीट दिलं होतं. वाचायला छान वाटत होता. फक्त तो सामायिक जागेवर रेटून घालायचा होता.

आणि तिथे मी अडले. रसिकाच्या मशीनवर पूर्ण प्रत होती. श्यामकांतांच्या मशीनवर होती. माझा नवा इतिहास वर जाताच त्या दोघांच्या मशीनने सांगितलं असतं की मूळ वेगळं आहे. खोटं एकट्या वहीत मावतं. तीन वह्यांत कसं मावणार? मला कोणी सद्बुद्धी दिली नाही. पकडली जाईन एवढंच कळलं. मी तो इतिहास पुसला आणि रसिकाला फोन लावला.

"काकू, एक मिनिट, मीटिंगमध्ये आहे, बाहेर येते." दार बंद झाल्याचा आवाज. "हां, बोला. पाहिलंत?"

"तुझं काही चुकत नाही. यादी मी दिली नव्हती."

"विसरलात ना? मी म्हटलंच..."

"विसरले नाही."

तिच्या मागे कोणीतरी हिंदीत लिफ्ट धरायला सांगत होतं.

"म्हणजे जाणूनबुजून?"

"हो."

"का? माझ्याशी काय प्रॉब्लेम आहे तुमचा?"

मी पुष्कळ शोधलं. संस्थेचं हित, मराठीची समज, कामाची शिस्त, सगळं डोक्यात येऊन गेलं. तोंडातून निघालं ते असं: "श्यामकांत तुला आधी फोन करतात."

"यार, काकू! तीन संडे गेले माझे. घरी नवऱ्याशी भांडले मी यावरून, तो म्हणे, फुकटचं काम करतेस. आणि काल सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं मी. तुम्ही बघत होतात."

"बघत होते."

"मग तुम्ही पण सगळ्यांसमोर सांगा."

"सांगते."

"आज."

"आज," मी म्हणाले. ती फोन ठेवायच्या आधी थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकशे बेचाळीस माणसं आहेत. मी लिहिलं: 'ठिगळांची क्रमयादी मी रसिकाला मुद्दाम दिली नव्हती. रविवारी मी ती दिली होती असं म्हणाले, ते खोटं होतं. चूक तिची नाही. कुमुदिनी सबनीस.' पहिलं उत्तर एका सभासदाने पाठवलेलं गुलाबाचं फूल होतं, खाली 'शुभ दुपार'. दुसऱ्याने हात जोडले. राजाभाऊंनी लिहिलं, 'बाई, फोन करतो', आणि केला नाही.

संध्याकाळी श्यामकांतांचा फोन आला. सोमवार होता.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस."

"एवढे दिवस ती पोरगी मी सांगितलेल्या एकेक चुकीवर डोकं फोडत होती, आणि तुमच्याकडे तयार पडलेलं होतं."

"हो."

"जिन्यात सांडलेली कार्डं आणि ही यादी, यांत फरक आहे, बाई. ती सांडली होती."

मला म्हणायचं होतं की तुम्ही तिला 'आमची' म्हणालात. माझ्या वयाला ते शोभलं नसतं, आणि एकदा म्हणून झालंच होतं. त्यांनी फोन ठेवला. पुढचे दोन मंगळवार घरातला फोन मुका होता. मी तो उचलून लाइन चालू आहे का ते पाहिलं, तेही दोनदा.

तिसऱ्या आठवड्यात रसिका मयूर विहारला माझ्या घरी आली, लॅपटॉप घेऊन. रागावलेली होती आणि चहा नको म्हणाली. आम्ही तिची आणि माझी ठिगळं शेजारी शेजारी मांडली.

"तुमचा डेरा आणि माझं सॉर्टवालं सेम काम करतात. माझं फास्ट आहे."

"आहे."

"मग डेरा काढू?"

"काढ."

"माठ पण."

"माठात काय वाईट आहे?"

"काकू, तुमचा माठ सगळी यादी दोनदा वाचतो."

वाचत होता. अकरा वर्षं वाचत होता आणि मला दिसलं नव्हतं. माठ गेला, बोळकंही गेलं. गाडग्यापाशी ती थांबली. दऱ्यांचं ठिगळ ते. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे मला नसतं जमलं," ती म्हणाली. गोड वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं, कारण पुढे लगेच म्हणाली, "पण वाचायला भयंकर आहे. कोणती लाइन काय करते, एक कॉमेंट नाही कुठे."

"मला कळतं ते."

"तेच तर."

माझी पाच आणि तिची दोन, अशी सात ठिगळं राहिली. जायच्या आधी तिने लॅपटॉप बंद केला आणि सांगितलं की कार्यकारिणीशी तिचं बोलणं झालंय. यापुढे कोणाचंही ठिगळ तिने पाहिल्याशिवाय उतरंडीत जाणार नाही. माझंसुद्धा. "शामकाकांनी पण हेच म्हटलं," ती म्हणाली. ते शेवटचं वाक्य तिने मुद्दाम म्हटलं की सहज, हे मी त्या दिवसापासून ठरवते आहे. मी हो म्हणाले. नाही म्हणायची जागा मीच घालवली होती.

श्यामकांत आता फोन करतात. कधी मंगळवारी, कधी बुधवारी, चूक सांगतात आणि ठेवतात. तिला आधी करतात की मला, ते मी नोंदींवरून अजून पडताळते. ते सुटलेलं नाही.

गेल्या महिन्यात मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि गाडगं तिच्यावर बसेना. मी चार दिवस लावून ते सुधारलं, प्रत्येक ओळीला कॉमेंट लिहिली, आणि पाठवलं. माझ्याच ठिगळाला परवानगी मिळायची वाट पाहत बसले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'काकू, मस्त झालंय. फक्त शेवटच्या दोन लाइन्स नकोत, नव्या व्हर्जनमध्ये ते आपोआप होतं. काढाल का?'

अंगाचा तिळपापड झाला. पस्तीस वर्षांची मुलगी मला दोन ओळी काढायला सांगते. मी त्या दोन ओळी का हव्यात हे सिद्ध करायला बसले. जेवणाआधी कळलं की एका ओळीबाबत ती बरोबर आहे. काढली. दुसरी काढून पाहिली आणि 'कुऱ्हाड' शोधली. सूचीत एक पुस्तक आहे त्या शब्दाचं. सापडलं नाही. ओळ परत घातली, सापडलं. पुन्हा काढली, नाही. असं मी पाच वेळा केलं, त्यातले शेवटचे तीन निव्वळ मजेखातर.

मग उत्तर लिहिलं: 'एक ओळ काढली आहे. दुसरी ठेवली आहे. ती काढून कुऱ्हाड शोधून पाहा.' पाठवलं, आणि तिचा होकार येईपर्यंत खुर्चीतून उठले नाही.